घरचा योक्टो ऑटोबिल्डर: लाल दिसलं तर ते खरंच लाल असायला हवं

मागच्या अपडेटनंतर बरंच काम झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, योक्टो म्हणजे बोर्डांसाठी स्वतःचं लिनक्स बनवायची ओपन सोर्स साधनं, त्याच्या ५.० म्हणजे स्कार्थगॅप आवृत्तीवर (एप्रिल २०२४ ची एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टवाली, सपोर्ट एप्रिल २०२८ पर्यंत) माझी एक छोटी मेटा-लेयर आहे (रेसिपींचा संच, रेसिपी म्हणजे एखादं पॅकेज कसं बिल्ड करायचं त्याची कृती), तिच्यात काही पुश केलं की घरच्या डेस्कटॉपवर बिल्डबॉट (बिल्डची कामं आपोआप चालवणारं टूल) काम सुरू करतो, बिटबेक हे योक्टोचं बिल्ड टूल इमेज बनवतं, ती क्यूएमूत (सॉफ्टवेअरमधल्या नकली मशीनवर) बूट होते आणि टेस्टइमेज ही योक्टोची टेस्टची सोय तिच्यावर पिंग, एसएसएच, सिस्टिमडी वगैरे टेस्ट चालवतं. योक्टोवाल्यांचा मोठा ऑटोबिल्डरपण बिल्डबॉटवरच चालतो आणि त्याची सगळी कॉन्फिगरेशन ओपन आहे, कुठल्या बिल्डरने काय बिल्ड करायचं ते एका जेसन फाइलमध्ये आहे, ज्यांना असलं काही घरी उभं करायचंय त्यांनी ट्युटोरियल शोधण्याआधी ती फाइल वाचावी असं माझं ठाम मत.

या वेळचा सगळा वेळ एकाच गोष्टीवर गेला: कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्ट. योक्टोच्या बगझिलात (बग नोंदवायच्या साइटवर) अशा बग्जना एबी-आयएनटी असा टॅगच लावतात, आणि ऑटोबिल्डरवर काय तुटलं ते बघायला स्वॅट नावाची टीम आळीपाळीने बसते, म्हणजे इतकी वर्षं चालणाऱ्या प्रोजेक्टलाही यासाठी माणसं लावावी लागतात. कारण टेस्ट विनाकारण लाल (फेल) व्हायला लागली की आपण "परत चालव, होईल पास" म्हणायला लागतो आणि मग खरा बग आला तरी तेच म्हणतो.

माझ्याकडे त्रास मुख्यतः क्यूएमू-आर्म६४ ला (क्यूएमूतलं ६४-बिट आर्म मशीन) होता. एक्स८६ ची इमेज केव्हीएममुळे (गेस्टला खरा सीपीयू थेट वापरू देणारी लिनक्सची सोय) पटकन बूट होते, पण एक्स८६ मशीनवर आर्मचा प्रत्येक इन्स्ट्रक्शन सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सलेट होतो, त्यामुळे शेजारी दुसऱ्या बिल्डरचं जीसीसी किंवा एलएलव्हीएम कंपाइल चालू असलं की गेस्टला, म्हणजे क्यूएमूतल्या मशीनला, सीपीयूच मिळत नाही, त्याच्या १९२.१६८.७.२ या पत्त्यावर एसएसएच उत्तर देत नाही आणि टेस्ट टाइमआउट होते. लॉग वाचला तर वाटतं नेटवर्क बिघडलंय, नेटवर्कला काहीही झालेलं नसतं. टाइमआउट वाढवणं हा सगळ्यात सोपा उपाय, पण मला तो पटत नाही, कारण मग एखाद्या बदलामुळे बूट खरंच हळू झालं तर तेही त्याच वाढीव वेळेत लपून जातं.

केलं ते असं. बिटबेकमध्ये प्रेशरच्या मर्यादा घालता येतात, सीपीयू, आयओ आणि मेमरी तिन्हीसाठी वेगळ्या. लिनक्स कर्नल प्रॉक-प्रेशरमध्ये सांगतं की कामं किती वेळ नुसती ताटकळत उभी आहेत, तो आकडा मर्यादेच्या वर गेला की बिटबेक नवीन टास्क सुरूच करत नाही, चालू असलेले संपू देतं. लोड ॲव्हरेजपेक्षा हे मोजमाप कितीतरी उपयोगी, कारण लोड जास्त असूनही मशीन आरामात असू शकतं. दुसरं म्हणजे बिल्डबॉटचे लॉक: कंपाइल आणि टेस्टइमेज या दोन वेगळ्या स्टेप केल्या, कंपाइलला काउंटिंग लॉक (एकाच वेळी अनेकांना मिळणारा) आणि टेस्टला एक्सक्लुझिव्ह (एकालाच मिळणारा), म्हणजे क्यूएमू चालू असताना दुसरं कंपाइल थांबूनच राहतं. एकूण वेळ थोडा वाढला पण आर्मचे फुकटचे टाइमआउट बंद झाले, आणि मला हा सौदा शंभर टक्के मान्य आहे.

आता एसस्टेट म्हणजे बिटबेकच्या तयार बिल्डच्या कॅशेबद्दल, कारण यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. शेअर्ड एसस्टेट कॅशे असेल तर न बदललेल्या रेसिपी परत बिल्ड होतच नाहीत, तयार माल उचलला जातो, त्यामुळेच घरच्या मशीनवर हे सगळं परवडतं. पण याचा अर्थ असाही होतो की एखादी रेसिपी एकदा नशिबाने बिल्ड झाली की ती कायम हिरवी. योक्टोच्या ओई-सेल्फटेस्टमध्ये (स्वतःलाच तपासायच्या टेस्टचा संच) रिप्रोड्युसिबलची, म्हणजे दर बिल्ड तंतोतंत सारखा येतो का याची जी टेस्ट आहे ती एक बिल्ड एसस्टेट वापरून करते, दुसरा दुसऱ्याच डिरेक्टरीत एसस्टेट न वापरता, आणि मग दोन्हीकडची पॅकेजेस बाइट-बाय-बाइट ताडून बघते. तीच कल्पना घेऊन माझ्या लेयरच्या रेसिपींसाठी रात्रीचा एक बिल्डर लावला जो त्या रेसिपी रोज कॅशेशिवाय बिल्ड करतो. लगेच दोन गोष्टी हाती लागल्या. एका जुन्या लायब्ररीच्या मेकफाइलमध्ये जनरेट होणाऱ्या हेडरची डिपेंडन्सीच लिहिलेली नव्हती, सोळा थ्रेडवर कधी हेडर आधी तयार होतो कधी सी फाइल आधी कंपाइल व्हायला जाते, आणि कॅशेमुळे हे आजवर दिसलंच नव्हतं. पॅरलल मेक बंद करून हे दाबता आलं असतं, पण मेकफाइलमध्ये एक ओळ टाकून पॅच केला आणि अपस्ट्रीमलाही पाठवला. दुसऱ्या पॅकेजमध्ये व्हर्जन स्ट्रिंग बनवताना थेट डेट कमांड आणि होस्टनेम वापरलं होतं, त्यामुळे दर बिल्डला बायनरी वेगळी. हे डिफोस्कोपने (दोन फाइलींतला फरक दाखवणारं टूल) थेट ती स्ट्रिंगच समोर ठेवली म्हणून चटकन कळलं, तिथे आता सोर्स-डेट-इपॉक (सोर्सवरून ठरलेली, दर बिल्डला तीच राहणारी वेळ) घेतलंय.

पीटेस्टपण (पॅकेजेसच्या स्वतःच्या टेस्ट) इमेजमध्ये घातल्यात, पास-फेल-स्किप सगळं टेस्ट-रिझल्ट्सच्या जेसनमध्ये जातं आणि रिझल्टटूलच्या रिग्रेशन कमांडने आधीच्या रनशी तुलना होते. त्यामुळे "काल पास होती, आज गायब आहे" अशी टेस्टपण दिसते, नुसती फेलच नाही.

खऱ्या बोर्डावर अजून अर्धंच काम झालंय. बीगलबोन ब्लॅक हा छोटा आर्म बोर्ड टेबलावर आहे, टेस्टइमेजला टार्गेट म्हणून सिंपल-रिमोट आणि बोर्डाचा आयपी दिला की टेस्ट एसएसएचवरून चालतात, पण नवीन इमेज कार्डावर टाकणं आणि बोर्ड बंद-चालू करणं ते आपल्यासाठी करत नाही. त्यासाठी लॅबग्रिड (बोर्ड दुरून चालवायचं सॉफ्टवेअर), एक यूएसबी रिले आणि यूएसबी-एसडी-मक्स (एसडी कार्ड कधी पीसीला, कधी बोर्डाला जोडणारं उपकरण) असा बेत आहे. रिले आणि सिरियल कन्सोल लॅबग्रिडमधून चालतंय, मक्स अजून जोडायचाय. कोणी बीगलबोनवर मक्स लावून रोज फ्लॅश करत असेल तर ईएमएमसीमधला (बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीतला) जुना बूटलोडर आधी उठू नये म्हणून काय केलंत ते नक्की सांगा, बूट बटण दाबून धरायला रात्री कोणी नसतं, त्यामुळे ईएमएमसीवरचा बूटलोडर पुसून टाकायचा की एस२ ला, म्हणजे त्याच बूट बटणाला, रिलेचा दुसरा चॅनेल जोडायचा हे ठरवायचंय आणि सध्या माझा कल पुसण्याकडे आहे.