उधारीच्या वहीतला आहार

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. २०१६ साली प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान सुरू झालं, तेव्हापासूनची ही तारीख. सोलापुरात मी आहार सल्लागार म्हणून ज्या टेबलाशी बसते, ते रांगेच्या अगदी शेवटी असतं. आधी वजन, मग बीपी, रक्त, डॉक्टर आणि सगळ्यात शेवटी मी. तोवर दुपार होते आणि बायकांचं निम्मं लक्ष घरी राहिलेल्या कामाकडे असतं.

जुलैच्या ९ तारखेला अशीच एक मुलगी सासूबरोबर आली. तेवीस वर्षांची, पाचवा महिना, दुसरी खेप. हिमोग्लोबिन ८.२. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात आणि ७ च्या खाली गेलं की बाई थेट धोक्याच्या यादीत. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली होती. खाण्याचं मी सांगायचं होतं.

आमच्याकडे वाटायला एक छापील तक्ता असतो. सकाळी दूध आणि बदाम, मधल्या वेळेला फळ, जेवणात डाळ, पालेभाजी, कोशिंबीर, दही. तो मी पुढे केला, तर सासूने तो न वाचताच पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. गरोदर बायकांसाठीची प्रोटीन पावडर, सील न फोडलेली, साडेतीनशे रुपयांची. "मॅडम, एवढं आणलंय. अजून काय आणू ते सांगा, पण आता दुकानदार देईना."

"उधारीवर घेतलात का, मावशी?"

तिने पिशवीत हात घालून वही काढली. किराणा दुकानातली उधारीची वही, कोपरे तेलकट झालेली, दुकानदाराच्या घाईच्या अक्षरातली. मी ती मागितली नव्हती. डब्याचे पैसे खरंच लिहिले आहेत एवढंच तिला दाखवायचं होतं. मी मात्र मागची पानं उलटू लागले.

रोजची नोंद जवळपास सारखी होती. चहाची पुडी ५, पुन्हा पुडी ५, साखर १०, सुटं तेल २०, बिस्कीट ५, बिस्कीट ५, बिस्कीट ५, खारी १०, पोरीला कुरकुरीत पाकिटं १०. मधूनच तूरडाळ पाव किलो. अंडी आठ-दहा पानांत एकदा, तीही दोन.

दोघी घरी विड्या वळतात. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, सुताने बांधायची आणि माल कारखान्यात जमा करून आठवड्याला पैसे घ्यायचे. नवरा यंत्रमागावर, पण लूम कधी चालू, कधी बंद, आणि त्याची कमाई भाड्यात आणि जुन्या कर्जात जाते. रेशनचं धान्य माणशी पाच किलो फुकट मिळतं, म्हणजे चौघांचं वीस किलो. पोट त्यावर भरतं. बाकी सगळं या वहीवर.

मी विचारलं, "दिवसाला तीन बिस्किटपुडे कशाला लागतात?" सून पहिल्यांदा बोलली. "हात तंबाखूचे असतात मॅडम. उठून चूल करत बसलं तर शंभर विड्या मागे पडतात. चहात बुडवून खाल्लं की दुपार निघते."

हे उत्तर कुठल्याही तक्त्यात नसतं. गरीब माणसाला पोषण कळत नाही, असं सर्रास बोललं जातं. मला ते मनापासून खोटं वाटतं. या घराला रक्त कमी आहे हे कळलं होतं, त्यासाठी साडेतीनशेचं कर्ज काढायची तयारीही होती. फक्त पैसा हातात येतो त्या दिवशी तो आधीच्या उधारीत जातो, आणि उधारीवर जे मिळतं तेच ताटात येतं. तेल लिटरने घेतलं तर स्वस्त पडतं हे सासूला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, पण लिटरचे पैसे एकरकमी कधी असतात?

तक्ता बाजूला ठेवून मी वहीच्याच कोऱ्या पानावर हिशेब मांडला. बिस्किटं, खारी, पाकिटं मिळून रोजचे ३५, आठवड्याचे २४५. तेवढ्यातच बसवायचं, वर एक रुपया मागायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं. चौदा अंडी, सातने ९८. सोयाबीन वड्या पाव किलो ३०. शेंगदाणे पाव किलो ३५. हरभरे पाव किलो २०. पालेभाजीच्या पाच जुड्या ५०. लिंबं १०. बेरीज २४३.

सासू बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "चौदा अंडी हिच्या एकटीला?" प्रश्न रास्त होता. घरात चार वर्षांची नात, कमावता मुलगा, आणि सून जेवते सगळ्यांच्या शेवटी. म्हणून मी अंडी वाटूनच टाकली: सुनेला रोज एक, बाकीची सात नातीला, मुलाला आणि खुद्द मावशींना. एकटीचं म्हणून आणलेलं अन्न आपल्याकडच्या घरात एकटीच्या तोंडी पडत नाही. ते आधीच वाटलेलं असलं तर तिचा वाटा तरी शिल्लक राहतो.

डब्यामागची छोटी अक्षरं मी वाचून दाखवली. दोन चमचे पावडरीतून जेवढी प्रथिनं मिळणार होती, त्याहून जास्त मूठभर शेंगदाण्यांत मिळतात. सोयाबीनच्या वड्यांत तर वजनाच्या निम्मी प्रथिनंच. विडी वळता वळता तोंडात टाकायला शेंगदाणे-गूळ किंवा भिजवून उकडलेले हरभरे, फक्त आधी साबणाने हात धुवायचे. चहा बंद कर म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन चहाच प्यायली असती. म्हणून एवढंच सांगितलं, की जेवणाच्या आणि लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर एक तास चहा नको, कारण तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबू नेमकं उलट करतं, ते डाळीवर-भाजीवर पिळायचं. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, दोन्ही गोळ्यांत दोन तासांचं अंतर. अंबाडीचं नाव काढताच सासूचा चेहरा खुलला. तेलुगू पद्मशाली घर, पुंटीकूर, म्हणजे अंबाडीच, त्यांच्या जिभेवरची. "ती तर स्वस्त आहे की!"

अडचण उरली पहिल्या आठवड्याची. भाजी आणि अंडी रोखीने घ्यायची, तर बाकीची उधारी कशी फिटणार? मी डब्याकडे पाहिलं. सील फोडलेलं नव्हतं, बिल वहीत होतं. "मावशी, हा परत घेईल का तो?"

"औषधाच्या दुकानातून नाही घेतला. आमच्या किराणावाल्याकडचाच आहे." एवढं बोलून ती उठली. सून समुपदेशनाच्या खोलीत थांबली, आणि मी पुढची बाई घेतली.

तासाभराने मावशी घामाघूम होऊन परत आली. डबा नव्हता. वहीत साडेतीनशेवर आडवी रेघ होती आणि खाली नवी नोंद: शेंगदाणे, सोयाबीन, हरभरे, गूळ अर्धा किलो. दुकानदार आधी नाही म्हणाला, मग "दवाखान्यात सांगितलंय" म्हटल्यावर कबूल झाला. त्या दिवशी मला फार आनंद झाला, तो लपवायचं कारण नाही.

जाताना अंगणवाडीचं विचारलं, तर कळलं की खोली बदलल्यापासून सुनेचं नावच कुठे नोंदलेलं नाही. गरोदर बाईला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, तो हक्काचा. नव्या वस्तीतल्या सेविकेला तिथूनच फोन लावला.

ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन ९.३ आलं. त्यात मोठा वाटा गोळ्यांचा, हे मी दोघींना स्पष्ट सांगितलं, कारण बरं वाटू लागलं की बायका आधी गोळ्या सोडतात. बिस्किटं पूर्ण बंद झाली नव्हती, दिवसाला एक पुडा चालूच होता. पण श्रावण लागला होता आणि त्यांच्या घरी महिनाभर अंडं शिजत नाही. मी पर्याय सांगायला पेन उचललं, तोवर मावशीने वही माझ्यासमोर उघडून धरली. अंड्यांच्या ९८ रुपयांवर काट मारून तिने नातेवाइकाच्या पोराकडून पुढे लिहून घेतलं होतं: मटकी अर्धा किलो ५५, दही ४०. "तीन रुपये उरले," ती म्हणाली, "त्याचं काय घेऊ ते सांगा."

मी कोथिंबीर सांगितली.