चार्जिंगच्या बल्बचं झाकण

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून घरोघरी चार्जिंगचा बल्ब लागतो. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा बॅकअप जातो आणि अख्खा बल्ब भंगारात पडतो. एलईडी धडधाकट असतात, मेलेला असतो फक्त सेल. तो बदलता यावा असा बल्ब कसा बनवायचा, हे बनवणाऱ्यांसाठी.

हा बल्ब रोज तासन्‌तास चालू असतो. आतला लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टला भरून तसाच बसतो, वरून एलईडीच्या ॲल्युमिनियम प्लेटची धग. भरलेला आणि तापलेला सेल फार लवकर झिजतो. चार्जिंग 4.1 व्होल्टला थांबवलं तर बॅकअप दहा टक्क्यांच्या आसपास घटतो, पण सेलचं आयुष्य चांगलंच वाढतं. 3.2 व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल उष्णतेला त्याहून बरा. मात्र चार्जिंगची आयसी (चार्जिंग कुठे थांबवायचं ते ठरवणारी चिप) 3.65 व्होल्टची घ्या, जुनीच ठेवली तर सेल ओव्हरचार्ज होऊन वाया जातो.

बोर्डावरचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरही (वीज साठवणारा डबीसारखा भाग) प्लेटपासून लांब हवा, तोही उष्णतेने झिजतो. 105 अंशांना 2,000 तासांचा कॅपॅसिटर 85 अंशांना साधारण 8,000 तास चालतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट.

आता मुख्य गोष्ट, झाकण. ते गोंदाने चिकटवलं की पुढचं सगळं व्यर्थ. एकाच मापाचे तीन स्टार स्क्रू द्या, सेलला उलट न बसणारा दोन पिनांचा कनेक्टर. स्वस्त ड्रायव्हरमध्ये (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) सेलच्या वायरीतही मेनचा करंट असू शकतो, म्हणून स्क्रू अशा जागी घ्या की बल्ब होल्डरमधून काढल्याशिवाय ते हाताला लागणारच नाहीत.

इथल्या दमट हवेसाठी बोर्डावर ॲक्रिलिक कोटिंगचा पातळ थर मारा. इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) ओतलात तर दुरुस्ती संपली. कोटिंगआधी फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) धुतला नाही, तर तो आत अडकून बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडतात.

खोक्यावर नुसतं हिरवं पान आणि ‘पर्यावरणपूरक’ छापू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा दाव्याला पुरावा आणि खुलासा लागतो. त्याऐवजी ‘सेल बदलता येतो’ असं लिहा, सेलचा प्रकार आणि माप द्या. जुना सेल कुठे परत करायचा तेही सांगा, नाहीतर तो घंटागाडीत जातो आणि दाबला गेला की पेट घेतो. हे सगळं कन्नड आणि मराठी दोन्हींत हवं, आणि बल्बच्या अंगावरच. खोकं पहिल्याच दिवशी चुलीत जातं.