हाउसक्राइसमध्ये मराठी बायबल

जर्मनीत नोकरीला गेलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला रविवारची उपासना फारशी जड जात नाही. गीतांचे क्रमांक भिंतीवरच्या फळीवर लावलेले असतात, कधी उठायचं-बसायचं ते शेजाऱ्याकडे बघून जमतं. खरी परीक्षा हाउसक्राइसला, म्हणजे घरी जमणाऱ्या बायबल-गटाला. कुणाच्या तरी घरी संध्याकाळी साडेसात-आठला आठ-दहा जण जमणार, आणि लपायला मागचा बाक नाही!

घरी जमून शास्त्र वाचायची चाल तिथे जुनी. फ्रांकफुर्टला श्पेनर या पाळकांनी १६७० मध्ये अशा बैठका सुरू केल्या. स्टुटगार्टच्या आसपासच्या व्यूर्टेम्बर्गात १७४३ च्या सरकारी आज्ञापत्राने त्यांना रीतसर मुभा मिळाली.

उतारा आदल्या दिवशीच विचारून मराठीतून वाचून जावा आणि मराठी बायबल सोबत न्यावं. पण आकड्यांवर विसंबू नये. जर्मन बायबलांत बहुधा स्तोत्राचं शीर्षकही वचन म्हणून मोजतात. ‘हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ हे स्तोत्र ५१ मधलं आपलं दहावं वचन तिथे बारावं, कारण शीर्षकातच दोन वचनं खर्ची पडतात. योएलचे आपले अध्याय तीन, तिथे चार. मलाखीचे आपले चार, तिथे तीन. धर्मसुधारक ल्यूथरच्या जर्मन भाषांतरात तर इब्री आणि याकोब शोधता शोधता वाचन संपतं. त्याला ती पत्रं फारशी मानवली नव्हती, म्हणून त्याने ती पार मागे, यहूदा नि प्रकटीकरणाच्या शेजारी नेऊन ठेवली.

आकडे ऐकून समजणं मात्र आपल्याला सोपं. ‘द्राय-उंड-त्स्वांत्सिश’ म्हणजे आधी तीन, मग वीस; तेवीस तरी वेगळं काय असतं? इंग्रजीवर वाढलेली मंडळी इथे हमखास चुकीचं पान उघडतात.

वाचन पाळीपाळीने होतं. आपल्या वाट्याला येणारं वचन बोटावर मोजून मनात घोकण्याच्या नादात मधलं काहीच कानावर पडत नाही. त्यापेक्षा पहिलं वाचन मागून घ्यावं नि मोकळं व्हावं. शिवाय एकाच्या हातात ल्यूथर, दुसऱ्याच्या एल्बरफेल्डर, तिसऱ्याच्या मोबाइलवर आणखी काही. दर दोन वचनांनी भाषांतर बदलतं आणि बोट ठेवलेली ओळ हरवते. नवख्याने बाझिसबिबेल घ्यावं. वाक्यं आखूड, अवघड शब्दांचे अर्थ समासात, आणि २०२१ पासून ते संपूर्ण मिळतं.

प्रार्थनेला क्रम नसतो. ज्याला वाटेल तो दोन-चार वाक्यं बोलतो. मध्ये शांतता पसरली की सगळे आपलीच वाट बघताहेत असं वाटतं. तसं काही नसतं. मराठीतून प्रार्थना केलेली सहसा चालते, फक्त ‘आमेन’ ठणठणीत म्हणावं, कारण संपल्याचं बाकीच्यांना तेवढ्यावरूनच कळतं. शेवटची प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात, ती जर्मनमधून पाठच करून जावी. देवाला ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणायचं आणि समोरच्या सत्तरीच्या आजोबांनाही ‘डू’च. देवाला ‘तू’ आपल्या अंगवळणी आहे. आजोबांपाशी जीभ अडते.

एवढं सगळं बी-वन, म्हणजे मध्यम पातळीच्या जर्मनवर निभतं, कारण मजकूर ओळखीचा असतो. दमछाक होते ती नंतर, खारे ब्रेत्सेल आणि सरबताचे पेले पुढे आल्यावर. कुणाचं छत गळतंय, कुणाची गाडी तपासणीत नापास झाली, आणि स्टुटगार्टकडे असाल तर सगळं तिथल्या श्वेबिश बोलीत, एकमेकांची वाक्यं तोडत. वर्गातलं जर्मन इथे लंगडं पडतं. नुसतं हसून मान डोलवू नये. पुढचा प्रश्न आपल्यालाच येतो. सरळ पेले उचलून स्वयंपाकघर गाठावं. तिथे भांडी विसळणारा एकच माणूस असतो, तो आपसूक सावकाश बोलतो, आणि न कळलेलं दोनदा विचारता येतं.