उलटं हॉटेल आणि फक्कीची रेघ

गेल्या महिन्यात मी मुंबईला जाऊन ताजमहाल हॉटेलात चहा पिऊन आलो. (मी बाईच आहे. कोल्हापुरात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी जरा चालवून घ्यावं.) भाचीचा पहिला पगार झाला होता आणि तिने फर्मानच काढलं, ‘मावशी, आता कारणं सांगू नकोस, महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढलीत.’

चहाला वेळ होता म्हणून गेटवेसमोर उभ्या होतो. तिथल्या गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या फोटोवाल्यांपैकी एकाने आम्हाला गाठलंच. फोटोचा प्रिंट हवेत हलवून वाळवता वाळवता त्याने हॉटेलकडे बोट केलं. ‘मॅडम, हे उलटं बांधलंय, माहिती आहे का? नकाशा देऊन साहेब विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर पुढची बाजू मागं आणि मागची पुढं. वरनं उडी टाकली त्याने. अजून फिरतो आत रात्रीचा.’

भाचीचे डोळे हे एवढे झाले. तिच्या मोबाइलमध्ये भुताच्या हॉटेलांची यादीच आहे. कुठे बुकिंग मिळतं, कुठली खोली मागायची, सगळं.

मला मात्र राग आला. मी २७ वर्षं एका आर्किटेक्टच्या हापिसात ड्रॉइंगं काढतो. आधी ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंग पेनने, मग कॉम्प्युटरवर. इमारत उलटी कशी होते हे मला अनुभवाने माहीत आहे, कारण मी एक केली होती. म्हणजे, होता होता राहिली.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. कळंब्याकडच्या एका बंगल्याच्या नकाशावर उत्तरेचा बाण मी चुकून खाली तोंड करून काढला. मिस्त्रीने बाण बघितला, त्याप्रमाणे दोरी धरली, फक्की (आखणीची पांढरी पूड) मारली, आखणी झाली. संध्याकाळी मालकांच्या आई साईटवर आल्या. सत्तरीच्या पुढच्या, हातात नारळाची पिशवी. त्या पांढऱ्या रेघांच्या मध्ये उभ्या राहिल्या, एकदा उन्हाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, माझं देवघर मावळतीला कसं?’ बस्स. मिस्त्रीने पायानेच फक्की पुसली, दुसऱ्या दिवशी परत दोरी धरली. हापिसात मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून मी उत्तरेचा बाण तळहाताएवढा काढतो, लोक हसतात.

सांगायचा मुद्दा, चार खोल्यांचा बंगला उलटा आखला तर एक म्हातारी तासाभरात पकडते. आणि मुंबईच्या किनाऱ्यावर जमशेटजी टाटांचं हॉटेल वर्षानुवर्षं उलटं चढत राहिलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही? हे खरं मानायचं?

ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. समोरचा गेटवे पुरा झाला १९२४ साली. म्हणजे आपण ज्याला आज ‘पुढची बाजू’ म्हणतो तिकडे तेव्हा गेटवेच नव्हता. पाहुणे घोडागाडीतून शहराच्या बाजूने यायचे, म्हणून दार शहराकडे. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. दार नंतर समुद्राकडे आलं. उलटं काही नव्हतंच.

आणि तो उडी टाकणारा साहेब? गोष्टीत त्याचं नाव डब्ल्यू. ए. चेंबर्स असं घेतात. पण हॉटेलचा मूळ नकाशा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० साली मलेरियाने गेले. काम अर्धवट होतं, ते चेंबर्सनी पुरं केलं. ज्या माणसाने पायाची दिशा ठरवलीच नाही त्याने त्या दिशेपायी जीव का द्यावा? आणि ज्याने रेघ मारली, ज्याला कळस बघायला मिळाला नाही, त्याला गोष्टीत जागाच नाही. भूत व्हायचं असेल तर खरा हक्क वैद्यांचा आहे. पण भूत म्हटलं की आपल्याला टोपीवाला साहेबच लागतो.

हे सगळं मी भाचीला बडबडत आत गेलो. मधल्या जिन्यापाशी माझी बडबड थांबली. हा जिना कंत्राटदार सोराबजी रतनजी यांचा. पायऱ्या भिंतीत घुसवलेल्या आणि दुसरं टोक अधांतरी, खाली खांब नाही. एक पायरी भिंतीत किती आत गेली असेल, वरचं किती वजन तिला दाबून धरतंय, याचा मी चढताना हिशेब करत होतो. मागच्या गुजराती कुटुंबाने दोनदा ‘एक्सक्यूज मी’ म्हटलं.

चहा सी लाउंजमध्ये. तिथे भेळही मिळते. खासबागेजवळची भेळ खाल्लेल्या माणसाने तिच्याबद्दल न बोललेलं बरं. खिडकीतून बोटी मात्र फार छान दिसतात. बिल आलं ते भाचीने पालथंच धरून ठेवलं.

निघताना लॉबीत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इथे गेलेल्यांच्या स्मारकापाशी थांबलो. ३१ नावं आहेत. भाचीने मोबाइल पर्समध्ये टाकला. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचं इस्पितळ होतं, तिथेही माणसं गेलीच असतील. एवढं सगळं झालेल्या जागेत फोटोवाल्याला सांगावासा वाटला तो उडी टाकून कधी न मेलेला साहेब.

परतीच्या गाडीत भाचीने यादी पुढे वाचली. मसुरीचं सॅव्हॉय, १९०२ मधलं. तिथे १९११ साली गार्नेट-ऑर्म नावाच्या इंग्रज बाईंचा खोलीत विषाने मृत्यू झाला, आणि त्या अजून फिरतात म्हणे. कालिम्पाँगचा मॉर्गन हाउस, ज्यूटवाल्या साहेबाचा बंगला, आता पश्चिम बंगाल सरकारचं पर्यटक निवास. तिथे रात्री बाईच्या टाचांचा आवाज येतो म्हणतात. लाकडी जमीन आणि डोंगरातली थंडी, आवाज येणारच. लाकूड रात्री आकसतं, आमच्या जुन्या वाड्यातली माडी रोज रात्री चालायची.

यातलं एक भूत मात्र मला आवडतं, कोट्याचं. भाचीला कोचिंगला सोडायला गेलो होतो तेव्हा ब्रिजराज भवन बाहेरून बघितलं होतं. चंबळकाठचा जुना ब्रिटिश रेसिडेन्सीचा बंगला, पुढे त्याचं हॉटेल झालं. १८५७ साली मेजर चार्ल्स बर्टन आणि त्याचे दोन मुलगे तिथे मारले गेले. मेजर अजून हातात छडी घेऊन फिरतो, पाहुण्यांना काही करत नाही, ड्युटीवर डुलक्या घेणाऱ्या पहारेकऱ्याला तेवढी थप्पड मारतो, असं सांगतात. गेटवरच्या पहारेकऱ्याला मी विचारलं, ‘कधी बसली काय?’ तो म्हणाला, ‘मैं सोता ही नहीं.’

कोल्हापूरचं काय, भाचीने विचारलं. आपल्याकडे रंकाळ्यावरचा शालिनी पॅलेस. १९३१ ते ३४ मध्ये बांधलेला, १९८७ मध्ये हॉटेल झालेला, आता कित्येक वर्षं बंद. लहानपणी आमच्या गल्लीतली पोरं त्याच्या मनोऱ्यात दिवा दिसतो म्हणून घाबरवायची. दिवा होता, वॉचमनचा होता, एवढंच.

पण खरी गोष्ट आपल्याकडे आहे ती मेजर चार्ल्स मँट या इंग्रज आर्किटेक्टची. आपला टाउन हॉल त्याचा, नवा राजवाडा त्याचा, सीपीआर इस्पितळाची जुनी इमारत त्याची. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्यानेच आखला, १८७८ मध्ये तिथे काम सुरू झालं. आणि मग त्याच्या मनाने घेतलं की आपली आकडेमोड चुकली, आपण बांधलेलं सगळं कोसळणार. त्यातच त्याचं डोकं फिरलं आणि १८८१ मध्ये तो गेला, अशी नोंद आहे. नवा राजवाडा त्याच्यामागे १८८४ ला पुरा झाला. लक्ष्मीविलास चिझम नावाच्या दुसऱ्या आर्किटेक्टने १८९० ला पुरा केला. सगळं अजून उभं आहे.

मला ताजच्या साहेबाचा राग येतो आणि मँटची धास्ती मला कळते, ती याच कारणाने. ड्रॉइंग हापिसातून बाहेर गेल्यावर रात्री दोनला जाग येते आणि बीमचा आकडा डोळ्यांपुढे नाचतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहीत. माझ्या वरती तपासायला साहेब आहेत, त्यांच्या वरती बीम-खांबांचा हिशेब बघणारे आरसीसी कन्सल्टंट. मँटच्या वरती कोण होतं?

कोल्हापुरात उतरलो त्याच दिवशी संध्याकाळी सीपीआरला एका नातेवाइकाला बघायला जायचं होतं. येताना टाउन हॉलच्या बागेत शिरलो. शाळेच्या सहलीत इथल्याच संग्रहालयात आम्हाला कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीत सापडलेला तो काशाचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, दाखवला होता, तेव्हा कुणी इमारतीकडे बघायला सांगितलं नव्हतं. भिंतीजवळ गेलो. काळ्या दगडाचा एक सांधा बघितला, अंगठ्याचं नख घालून पाहिलं. नख आत गेलं नाही. जरा खाली दुसरा सांधा बघितला.

वॉचमन किल्ल्या वाजवत आला. ‘ताई, मुसियम बंद झालं. काय शोधताय?’

‘सांधं बघतोय,’ म्हटलं. ‘बांधणाऱ्याला वाटायचं, पडंल म्हणून.’

त्याने मान वर करून शिखरापर्यंत एकदा बघून घेतलं.

‘न्हाई पडत ती,’ म्हणाला आणि कुलूप लावलं.