तुम्ही विचारलंत म्हणून: १९६३ चा लोयोलाच का?

मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. त्यामुळे "तुमचा सगळ्यात लाडका संघ कोणता?" हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एनबीएतलं एखादं नाव ऐकायचं असतं. मी सांगते, शिकागोच्या लोयोला विद्यापीठाचा १९६२-६३ च्या मोसमातला पुरुषांचा संघ. ज्यांना थोडंफार माहीत असतं ते लगेच म्हणतात, "म्हणजे तो हस्तांदोलनाच्या फोटोतला ना?" हो, तोच. पण मी त्या संघावर जीव टाकते तो फोटोसाठी नाही. कशासाठी, ते आज सविस्तर सांगते.

फोटोची हकिगत आधी, कारण ती टाळून पुढे जाता येत नाही. १५ मार्च १९६३, मिशिगन राज्यातलं ईस्ट लान्सिंग. राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत लोयोलाची गाठ मिसिसिपी स्टेटशी पडली होती. लोयोलाच्या पहिल्या पाचांत चार कृष्णवर्णीय खेळाडू, मिसिसिपी स्टेटचा अख्खा संघ गोरा. मिसिसिपीत तेव्हा अलिखित नियम होता की राज्याच्या विद्यापीठांच्या संघांनी कृष्णवर्णीयांविरुद्ध खेळायचंच नाही. त्यापायी मिसिसिपी स्टेटने १९५९, १९६१ आणि १९६२ अशा तीन वर्षी आपल्या विभागाचं विजेतेपद मिळवूनही राष्ट्रीय स्पर्धेत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या जागी केंटकी विद्यापीठाचा संघ जायचा. एका पंगतीला बसायचं की नाही, एका पाणवठ्यावर पाणी भरायचं की नाही, यावरून माणसं काय थराला जातात हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. तिथे प्रश्न बास्केटबॉलच्या एका कोर्टवर उतरण्याचा होता.

१९६३ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्व्हर्ड यांनी ठरवलं की या वेळी संघ जाणार. सहा महिन्यांपूर्वीच जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठात दंगल पेटून दोन माणसं मेली होती, आणि गव्हर्नर रॉस बार्नेट उघडपणे विरोधात होते. एका राज्य सिनेटरने कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. तो बजावला जायच्या आत प्रशिक्षक बेब मॅकार्थी गाडीने हद्द ओलांडून मेम्फिसला पोहोचले. सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवलं. हुकूम बजावणारा शेरीफ कुठे दिसत नाही म्हटल्यावर मुख्य संघ आला आणि विमान सुटलं. सामन्याआधी मिसिसिपीचा कप्तान जो डॅन गोल्ड आणि लोयोलाचा कप्तान जेरी हार्कनेस यांनी हात मिळवले, तेव्हा कॅमेऱ्यांच्या दिव्यांचा एवढा लखलखाट झाला की हार्कनेस पुढे आयुष्यभर त्याबद्दल बोलत राहिला. लोयोलाने तो सामना ६१-५१ ने जिंकला. हाणामारी नाही, शिवीगाळ नाही. दोन्हीकडची मुलं नीट खेळली.

त्या मुलांचं मोल मी जराही कमी करत नाही. घरची माणसं, सरकार, कोर्ट सगळं विरोधात असताना विसाव्या वर्षी विमानात चढणं सोपं नव्हतं. पण त्यांना ते धैर्य एका सामन्यासाठी लागलं. लोयोलाच्या मुलांना ते सबंध मोसमभर लागत होतं. आणि फोटोत हे दिसत नाही की ती मुलं बास्केटबॉल किती सुंदर खेळायची.

प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड १९५१ पासून तिथे होते. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त कृष्णवर्णीय खेळाडू उतरवायचे नाहीत, असा संकेत तेव्हा देशभरचे प्रशिक्षक पाळायचे. आयर्लंडनी तो मोडला. डिसेंबर १९६२ मध्ये वायोमिंगविरुद्ध तर त्यांचे पाचही खेळाडू एकाच वेळी कृष्णवर्णीय होते. हार्कनेस आणि रॉन मिलर न्यूयॉर्कचे. लेस हंटर आणि व्हिक राउस नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलमध्ये एकत्र खेळलेले. पाचवा जॉन ईगन, शिकागोचाच गोरा मुलगा, बुटका, चिवट, चेंडू हातातून न सोडणारा. हार्कनेसची गोष्ट मी मुलींना मुद्दाम सांगते: हार्लेमच्या वायएमसीएत तो असाच खेळत असताना जॅकी रॉबिन्सन या गाजलेल्या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूने त्याला पाहिलं आणि तू कॉलेजात खेळू शकशील, असं सांगितलं. शाळेच्या संघात तोवर तो नव्हताच. मोठ्या खेळाडूचं एक वाक्य किती लांब पोहोचतं!

हा संघ धावायचा. पूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चेंडू हातात आल्यापासूनच गाठून दबाव टाकणं, आणि चेंडू हिसकावला की फास्ट ब्रेक, म्हणजे बचाव सावरायच्या आत धावत जाऊन बास्केट. त्या वर्षी देशात सर्वाधिक गुण त्यांचेच, सामन्यामागे नव्वदहून जास्त. आणि लक्षात घ्या, तेव्हा तीन गुणांची बास्केट नव्हती, ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकायला लावणारं शॉट क्लॉकही नव्हतं. स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी टेनेसी टेकला १११-४२ असं हरवलं. ६९ गुणांचा तो फरक या स्पर्धेत आजही विक्रम आहे.

आणि हे सगळं कुठल्या परिस्थितीत? आदल्या मोसमात न्यू ऑर्लिन्सला गेले तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना संघाबरोबर हॉटेलात राहता आलं नाही. त्यांची सोय शहराच्या दुसऱ्या भागात लोकांच्या घरी करावी लागली. या मोसमात ह्यूस्टनला प्रेक्षकांनी शिव्या दिल्या, अंगावर वस्तू भिरकावल्या. मिसिसिपीच्या सामन्याआधी हार्कनेसच्या नावाने वसतिगृहावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेची धमकीची पत्रं आली. मोसमाच्या मध्यात दोन चांगले राखीव खेळाडू अभ्यासात मागे पडल्याने संघाबाहेर गेले, म्हणजे भार आणखीच त्या पाचांवर आला. मोसमभरात फक्त दोन पराभव, एक बोलिंग ग्रीनकडून आणि एक विचिटाकडून, तोही एका गुणाने.

मिसिसिपीनंतर त्यांनी इलिनॉयला ७९-६४ ने हरवलं, मग उपांत्य सामन्यात ड्यूकला ९४-७५ ने. आता अंतिम सामना. मी विचारणाऱ्याला खुर्चीत बसवते ते इथे.

२३ मार्च १९६३, लुइव्हिलचं फ्रीडम हॉल. समोर सिनसिनाटी, लागोपाठ दोन वर्षांचे विजेते. देशात सर्वात कमी गुण देणारा संघ. सावकाश, शिस्तीने, चेंडू जपून खेळणारा. दोन्ही संघांच्या पहिल्या दहांपैकी सात खेळाडू कृष्णवर्णीय होते. राष्ट्रीय अंतिम सामन्यात असं आधी कधी झालं नव्हतं, आणि याबद्दल फोटोइतकं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

लोयोलाचा नेम त्या रात्री लागतच नव्हता. मध्यंतराला २९-२१ असे मागे, आणि हार्कनेसच्या नावावर पहिल्या अर्धात एकही गुण नाही. दुसऱ्या अर्धात फरक ४५-३० झाला. पंधरा गुण, शॉट क्लॉक नाही, आणि समोर चेंडू राखण्यात देशात अव्वल संघ. सिनसिनाटीने तेव्हा चेंडू फिरवत वेळ काढायला सुरुवात केली. त्यांच्या काही मुख्य खेळाडूंचे चार-चार फाउल झाले होते, पाचव्याला बाहेर जावं लागतं, म्हणून ते बचावातही हात आखडू लागले. लोयोलाने प्रेस सोडला नाही. एकेक चेंडू हिसकावत, एकेक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी, एका गुणाची मोकळी फेक) टाकत ते जवळ आले. बारा सेकंद उरले असताना सिनसिनाटीच्या लॅरी शिंगलटनने एक फ्री थ्रो टाकून ५४-५२ केलं, दुसरा चुकवला. हंटरने रिबाउंड, म्हणजे परतलेला चेंडू, घेतला, चेंडू मिलरमार्फत हार्कनेसकडे, आणि चार सेकंद असताना बरोबरी, ५४-५४. सामना ओव्हरटाइममध्ये, म्हणजे पाच मिनिटांच्या जादा खेळात गेला, आणि लोयोलाने तो ६०-५८ ने जिंकला.

माझ्या मुली हा सामना म्हटलं की शेवटची बास्केट आठवतात. मी त्यांना आकडे लिहायला लावते. लोयोलाने बास्केटकडे ८४ वेळा चेंडू टाकला, २३ वेळा तो आत गेला. शेकडा सत्तावीस. सिनसिनाटीने ४५ पैकी २२. इतक्या वाईट नेमबाजीवर अंतिम सामना जिंकला कसा? उत्तर पुढच्या रकान्यात आहे: सिनसिनाटीने चेंडू १६ वेळा गमावला, लोयोलाने फक्त तीन वेळा. देशातला सगळ्यात वेगवान संघ, ओव्हरटाइमसह पंचेचाळीस मिनिटं, आणि तीन चुका. वर चुकलेल्या प्रत्येक फेकीमागे दोन-तीन जण रिबाउंडला उड्या मारत होते, म्हणून तर ८४ वेळा टाकायला मिळालं. आणि या पंचेचाळीस मिनिटांत आयर्लंडनी एकही बदली केली नाही. सुरुवातीला उतरले तेच पाच शेवटपर्यंत. हंटर १६, राउस १५, हार्कनेस १४, ईगन ९, मिलर ६. बेरीज करा, साठ येते. सगळे गुण त्या पाचांचे.

म्हणून मला तो संघ आवडतो. नेम हा त्या दिवसाचा असतो, लागतो किंवा नाही लागत. पाय, हात आणि लक्ष हे तुमच्या ताब्यात असतं, आणि त्या पोरांनी ते पंचेचाळीस मिनिटं ढळू दिलं नाही. ज्या देशात त्यांना कुठल्या हॉटेलात झोपता येईल याचाही भरवसा नव्हता, तिथे त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सोळा वेळा चुकायला लावलं. हे कसब आहे. त्यांना नुसते इतिहासाचे साक्षीदार म्हणून उभं करणं मला पटत नाही. ते त्या वर्षी देशातले सर्वोत्तम खेळाडू होते, आणि त्यांची ओळख आधी तीच असायला हवी.

त्या सामन्याचं चित्रीकरण कुठे बघायला मिळालं तर शेवटचा डाव लक्षपूर्वक बघा. ५८-५८. हार्कनेस उडी मारतो, बचाव अंगावर आल्याने स्वतः न टाकता हंटरकडे देतो. हंटर टाकतो, चेंडू रिंगवरून निसटतो. तेव्हा चेंडूमागे डोळे नेऊ नका, राउसकडे बघा. हंटरचा हात वर गेल्यापासून तो उजवीकडे आपली जागा धरून उभा आहे. चेंडू निसटला की तो वर जातो आणि आत टाकतो. ६०-५८.