मेंदूचं चित्र काढून टाकल्यावर

सोमवार

न्यूरोमॉर्फिक संगणनावर, म्हणजे मेंदूच्या कामाच्या पद्धतीवरून घेतलेल्या चिप आणि अल्गोरिदमवर, काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या लँडिंग पेजचा (पाहुणा आधी जिथे उतरतो त्या वेबपानाचा) पहिला मसुदा बहुधा एकाच छापाचा येतो. काळी पार्श्वभूमी, निळा चमकणारा मेंदू, त्यातून फुटणाऱ्या तारा, आणि वर 'बुद्धिमत्तेचं भविष्य' असलं काहीतरी. हे चित्र आज कुठल्याही एआय उत्पादनाच्या पानावर खपतं, म्हणूनच इथे ते निरुपयोगी. पहिल्याच स्क्रीनवर कळायला हवं की ही मंडळी चिप बनवतात, तयार चिपवर चालणारे अल्गोरिदम लिहितात, की इव्हेंट कॅमेऱ्यासारखे संवेदक घडवतात. तिन्ही कामं वेगळी आणि त्यासाठी पानावर येणारी माणसंही वेगळी.

पहिल्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात: काय बनवतो, कशासाठी, कुठवर आलंय. नमुना असा: 'लहान ड्रोनला कमी विजेत अडथळे ओळखता यावेत म्हणून आम्ही स्पाइकिंग न्यूरल नेटवर्क आणि ते चालवणारी चिप बनवतो, चिपची दुसरी आवृत्ती सध्या चाचणीत आहे.' (स्पाइक म्हणजे चेतापेशीने सोडलेला क्षणिक विद्युत ठोका, आणि अशा ठोक्यांनी संदेश देणारं जाळं म्हणजे स्पाइकिंग न्यूरल नेटवर्क.) वाक्य रुक्ष आहे, असू दे. सहकार्याच्या शोधात आलेल्या अभियंत्याला रुक्षच हवं असतं.

'मेंदूपासून प्रेरित' हे शब्द दुसऱ्या ओळीत, आणि तिथेही मेंदूकडून नेमकं काय उचललं ते सांगून. चिप-रचनेतले अभियंते कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात हा विचार मांडला तेव्हा मुद्दा ठोस होता: थ्रेशोल्डखाली (पूर्ण चालू होण्याच्या व्होल्टेजखाली) चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह व्होल्टेजबरोबर घातांकी पद्धतीने बदलतो, चेतापेशीच्या पटलातल्या आयन-वाहिन्यांचं वागणंही तसंच असतं, तर हे भौतिकशास्त्रच गणितासाठी वापरावं. आज बहुतेक प्रयोगशाळा यातलं सगळं घेत नाहीत. कुणी फक्त स्पाइक घेतं, कुणी स्मृती आणि गणना एकाच जागी ठेवण्याची कल्पना. जे घेतलं तेवढंच लिहावं.

मंगळवार

मेंदूच्या जागी काय? संवेदकांवर काम असेल तर इव्हेंट कॅमेऱ्याचं खरं चित्र. या कॅमेऱ्यात फ्रेम नसते. प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे, प्रकाश ठरावीक प्रमाणात बदलला तरच संदेश पाठवतो: जागा, मायक्रोसेकंदातली वेळ, आणि उजेड वाढला की घटला. कॅमेरा आणि दृश्य दोन्ही स्थिर असतील तर थोडासा नॉइज सोडून काहीच दिसत नाही. हलणारा हात आणि त्यामागची कोरी भिंत, एवढं एक चित्र 'घडलं तरच काम' ही कल्पना परिच्छेदभर मजकुरापेक्षा चांगली पोचवतं.

चित्र बनवताना काळाची खिडकी, म्हणजे किती वेळातले संदेश एकत्र दाखवायचे ते, निवडावी लागते. हाताच्या हालचालीला साधारण १० ते ३० मिलिसेकंद बरे. १ मिलिसेकंद घेतला तर तुरळक ठिपके उरतात, अर्धा सेकंद घेतला तर नुसता फराटा. निवडलेली खिडकी चित्राखाली लिहायचीच. नाहीतर जाणकार पहिला प्रश्न तोच विचारतो. वाढ-घट दाखवायला लाल-हिरवी जोडी टाळावी, निळी-नारिंगी घ्यावी, आणि पार्श्वभूमी पांढरी ठेवावी. काळ्यावर हेच चित्र नाट्यमय वाटतं, पण छापलं की चिखल.

गुरुवार

आज डेमो. पानाचा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त वेळा बिघडणारा भाग हाच.

कल्पना साधी: एक स्लायडर, आणि शेजारी ४० चेतापेशींचा रास्टर, म्हणजे आडवा अक्ष वेळेचा, प्रत्येक ओळ एका चेतापेशीची आणि प्रत्येक स्पाइकला एक ठिपका. मॉडेल लीकी इंटिग्रेट-अँड-फायर पुरतं: इनपुट साठत जातं, थोडं गळतं, आणि थ्रेशोल्ड म्हणजे ठरलेली पातळी ओलांडली की स्पाइक. आयन-वाहिन्यांचंही गणित करणारं हॉजकिन-हक्सली मॉडेल या पानाला जड आणि अनावश्यक. विश्रांतीचा व्होल्टेज उणे ७० मिलिव्होल्ट, थ्रेशोल्ड उणे ५५, स्पाइकनंतर परत उणे ७०, कालस्थिरांक (व्होल्टेज किती भराभर बदलतो त्याचं माप) २० मिलिसेकंद, स्पाइकनंतरचा निष्क्रिय काळ २ मिलिसेकंद. स्लायडर इनपुटचा, १० ते ३० मिलिव्होल्ट, म्हणजे थ्रेशोल्ड नसता तर व्होल्टेज विश्रांतीच्या वर किती चढला असता.

उत्तर आधी कागदावर काढून ठेवावं. इनपुट १५ किंवा कमी असेल तर स्पाइक कधीच येत नाही. १६ ला सेकंदाला सुमारे १७, २० ला ३४, ३० ला ६३. स्क्रीनवर हे आकडे आले नाहीत तर कोड चुकलाय.

आणि तो बहुधा एकाच ठिकाणी चुकतो: स्क्रीनच्या एका फ्रेमलाच गणिताचा एक टप्पा मानलं जातं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर तो टप्पा १६.७ मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळपास कालस्थिरांकाएवढा. इनपुट २० असताना व्होल्टेज पहिल्याच उडीत १६.७ मिलिव्होल्ट चढतो आणि थ्रेशोल्ड ओलांडतो. ३४ च्या जागी ६० स्पाइक, आणि स्लायडर १८ च्या पुढे कितीही सरकवला तरी फरक शून्य. तेच पान १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर तिसऱ्या फ्रेमला स्पाइक देतं, म्हणजे सेकंदाला ४०. न्यूरोमॉर्फिक प्रयोगशाळेच्या पानावर चेतापेशी मॉनिटर बघून वागते, याहून लाजिरवाणं काय असेल! उपाय: फ्रेमचा टाइमस्टॅम्प घ्यायचा, मधला वेळ साठवायचा आणि १ मिलिसेकंदाच्या टप्प्यांनी खर्च करायचा. टॅब मागे पडून परत आला की साठलेला वेळ प्रचंड असतो आणि पान गोठतं. म्हणून एका फ्रेमला ५० मिलिसेकंदांची कमाल मर्यादा.

सगळ्या चेतापेशींना सारखंच इनपुट दिलं तर त्या एकदमच पेटतात, रास्टरवर उभे पट्टे उमटतात आणि बघणाऱ्याला बिघाड वाटतो. प्रत्येकीच्या इनपुटमध्ये १० टक्क्यांपर्यंत कमीजास्त फरक ठेवावा. मग १६ च्या आसपास काही ओळी गप्प राहतात, काही बोलतात. थ्रेशोल्ड न समजावताच समजतो.

खऱ्या वेगात डोळ्याला काही उमगत नाही, म्हणून वेळ १० पट मंद करावा आणि तसं शेजारी लिहावं. चेतापेशी म्हणजे उघडझाप करणारं मोठं वर्तुळ, ही कल्पना मात्र सोडून द्यावी. सुगम्यतेच्या नियमांनुसार सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, आणि १० पट मंदावूनही ३४ चे ३.४ होतात. रास्टरमध्ये ठिपका एकदा उमटतो आणि सरकत जातो, लखलखाट नाहीच.

डेमो आपोआप सुरू करू नये. आधी स्थिर एसव्हीजी (वेक्टर चित्राच्या स्वरूपातला) रास्टर, त्यावर 'चालवा' बटण. भाग स्क्रीनबाहेर गेला की इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरने (घटक स्क्रीनवर आहे का ते सांगणाऱ्या ब्राउझरच्या सोयीने) थांबवावं, आणि ज्यांनी सिस्टीममध्ये हालचाल कमी ठेवायला सांगितलंय त्यांना स्थिर चित्रच द्यावं. कमी विजेच्या गोष्टी करणाऱ्या पानाने वाचणाऱ्याचा फोन तापवू नये, ही अपेक्षा काही फार नाही.

शुक्रवार

आकड्यांचा दिवस. 'मेंदू २० वॅटवर चालतो' हे वाक्य प्रत्येक मसुद्यात असतं. मेंदू साधारण तेवढीच ऊर्जा वापरतो आणि त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, हे खरं. पण लगेच शेजारी आपल्या चिपचे मिलिवॅट ठेवले की तुलना फसवी होते. २०१४ च्या आयबीएमच्या ट्रूनॉर्थ या न्यूरोमॉर्फिक चिपमध्ये ४,०९६ कोअर (गणनेचे स्वतंत्र भाग) होते, प्रत्येकात २५६ चेतापेशी आणि प्रत्येक चेतापेशीला २५६ इनपुट. चिप सुमारे ७० मिलिवॅटवर चाले. मेंदूतल्या चेतापेशीला हजारोंच्या घरात सिनॅप्स (दुसऱ्या चेतापेशींशी जोड) असतात. दोन्हीकडे शब्द 'चेतापेशी', वस्तू वेगळ्या.

'१,००० पट कमी ऊर्जा' असं लिहायचं असेल तर त्याच ओळीत हवं: कशाच्या तुलनेत, कोणत्या कामावर, किती अचूकतेला. बॅचचा आकार, म्हणजे एका वेळी किती नमुने दिले, हेही महत्त्वाचं, कारण जीपीयूला (अनेक गणितं एकदम करणाऱ्या चिपला) एका वेळी एकच नमुना दिला तर त्याची क्षमता वाया जाते आणि आपला आकडा आयताच फुगतो. मोजमापात फक्त कोअर धरले की चिपला चालवणारा होस्ट प्रोसेसर आणि इनपुट-आउटपुटही, तेही लिहावं. एवढं मावत नसेल तर आकडा पहिल्या स्क्रीनवरून काढून निकालांच्या तक्त्यात न्यावा.

शनिवार

उरलेलं भराभर. मथळा चित्रात न कोरता मजकूर म्हणून ठेवावा. पहिल्या चित्राला लेझी लोडिंग (गरज पडेपर्यंत चित्र न उतरवणं) लावू नये. ते उशिरा उतरतं आणि सगळ्यात मोठा घटक दिसायची २.५ सेकंदांची मर्यादा हुकते. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये द्यावी, नाहीतर चित्र उतरताना खालचा मजकूर उडी मारतो. मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १. राखाडीवर फिकट राखाडी तळटीप इथेच नापास होते.

शोधनिबंधांची यादी पूर्ण नको. पाच-सहा निवडक, प्रत्येकाशेजारी पीडीएफ, कोड आणि डेटा. कोडच्या दुव्यापाशी लायसन्स आणि कोणत्या चिपवर, कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिलं ते. पूर्ण यादी बिबटेक (संदर्भ साठवायच्या) फाइलमधून आपोआप तयार व्हावी. हाताने लिहिलेली यादी लवकरच मागे पडते.

पीएचडीच्या जागांना शेवटची तारीख हवी आणि ती उलटली की तो भाग आपोआप दिसेनासा व्हावा. जागा नसताना 'सध्या जागा नाहीत, पुढची भरती अमुक महिन्यात' एवढं लिहिलं तरी विचारणा करणारे ईमेल कमी होतात.