आमची वाटचाल : ४०० तपकिरी वड्या

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीला दक्षिणेकडे एक खिडकी आहे. तिच्यात साबणाच्या तीसेक वड्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेला. नवीन माणसाला वाटतं, इथे काही करणी-बिरणी चालते. ती मोठ्या जाऊबाईंची प्रयोगशाळा. त्या कॉलेजच्या रसायनाच्या लॅबमध्ये नोकरीला होत्या. २०१२ मध्ये आम्ही दोघींनी मिळून घरी साबण करून विकायचं काम सुरू केलं तेव्हा त्यांनी पहिली अट घातली ती हीच : कुठलाही रंग दोन महिने खिडकीत बसल्याशिवाय विकायचा नाही.

दोन महिन्यांनी फॉइल काढायची. हळदीच्या वडीचा झाकलेला भाग केशरी आणि उघडा फिक्का निघतो. स्पिरुलिना नावाचं शेवाळ आणि पालक वाळल्या गवतासारखे होतात. नीळ बऱ्यापैकी तग धरते. गेरू, मुलतानी माती, कोळसा तसूभर हलत नाहीत. शेंदरीच्या बिया तेलात घालून ठेवल्या की सुंदर पिवळा उतरतो, उन्हात थोडा विटतो, पण लाज राखतो. हे सगळं त्यांच्या वहीत तारखांसह लिहिलेलं आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

शहरातल्याच एका दुकानाने ‘बीटरूट साबण’ काढला. गुलाबी, अगदी पेढ्याच्या खोक्यावरच्या कागदासारखा. गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन विचारायचं, “तुमच्याकडे का नाही तसा?” सांगायचो, तेलाचा साबण होतो तो कॉस्टिक सोड्याच्या क्षाराने, आणि त्या कॉस्टिकपुढे बीट टिकत नाही. ऐकतंय कोण! हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे माहीत असलेल्या बायकाही ऐकेनात. अहो, क्षाराने हळद लाल होते, तर बीटचं काही होणार नाही का?

२०१६ च्या मार्चमध्ये वैशाखातल्या एका लग्नाची ऑर्डर आली. १०० ग्रॅमच्या ४०० वड्या, पाहुण्यांना द्यायला, आणि रंग ‘तसाच गुलाबी’ हवा. जाऊबाई माहेरी धारला गेल्या होत्या. वड्या मुरायला सहा आठवडे लागणार, दिवस हातात नव्हते आणि ॲडव्हान्स मोठा होता. बीटची पावडर मीच आणली आणि नमुन्याची वडी न करता एका रात्रीत चारही सागवानी साचे भरले. २८ किलो तेल होतं त्यात. हँड ब्लेंडर दोनदा तापून बंद पडला. ओतताना मिश्रण असं गुलाबी दिसत होतं की मी फोटोही काढला. सकाळी तार लावून पहिली लादी कापली, तर आत गुळाच्या ढेपेचा रंग! चारही साचे तसेच.

जाऊबाई आल्या, त्यांनी वही उघडली आणि २०१३ चं एक पान माझ्यापुढे ठेवलं. ‘बीट : १२ तासांत तपकिरी.’ बोलल्या काहीच नाहीत, ते जास्त लागलं. ॲडव्हान्स परत द्यावा लागला. तेलवाल्याचे पैसे चुकते करायला त्यांची एक पाटली सराफ्यात गेली. आणि त्या लग्नात शेवटी कुणाच्या वड्या वाटल्या? त्याच दुकानाच्या. तिथून आणलेली एक वडी आम्ही अर्धी फॉइलमध्ये गुंडाळून खिडकीत ठेवली. सहा महिन्यांनी फॉइल काढली, तर दोन्ही बाजू सारख्याच गुलाबी. आता ते बीट होतं की काय होतं, तुम्हीच ठरवा. आम्ही कुणाच्या दारात भांडायला गेलो नाही.

त्या तपकिरी वड्या साबण म्हणून उत्तम होत्या. गल्लीतले एक निवृत्त मास्तर ते ओळखून एकदम २० वड्या घेऊन गेले. म्हणाले, “रंग धुतल्यावर गटारातच जाणार ना?” पुढच्या महिन्यात पुन्हा आले. आजही त्यांना ‘ती गुळाची’ लागते. त्यांच्यासाठी महिन्याला चार वड्या वेगळ्या करतो.

गुलाबी मिळाला तो सियागंजच्या बाजारात. जडीबुटीवाल्या दुकानात मी रडगाणं गायले, तर शेठ म्हणाले, “भाभीजी, बागवाले लाल कैसे बनाते हैं, कभी पूछा?” बाग म्हणजे धार जिल्ह्यातलं छाप्याच्या कापडाचं गाव. तिथला लाल तुरटी आणि अलिझरीन नावाच्या रंगाचा, आणि अलिझरीन मूळचं मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांतलं. जाऊबाईंचं माहेर धारचं, आणि आम्ही गुलाबी शोधत बसलो होतो! मंजिष्ठाला क्षार मानवतो. पावडर तेलात भिजवली तर फिका गुलाबी, कॉस्टिकच्या पाण्यात घातली तर गडद. किलोभर तेलाला दोन चमचे आम्हाला पुरतात. त्यानंतरची तीन-चार वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नवीन करणाऱ्या मुलींनो, विचारलं नाहीत तरी सांगते. रतनजोतीची मुळी तेलात लालबुंद उतरते; लिप बाममध्ये तशीच राहते, कारण तिथे कॉस्टिक नाही. साबणात तीच जांभळी होते, कधी निळसरही. बीट पाण्यात विरघळतं, तेलात नाही. बाममध्ये घालाल तर कण ओठांवर लागतील. दालचिनीची पावडर रंगासाठी घालू नका, अंगाला चुरचुरते. आणि वजन काट्यावरच करा, चमचा फक्त रंगाला.

त्या दुकानाची वडी अजून खिडकीत आहे. परवा जाऊबाईंनी तिच्यावरची धूळ पुसली आणि वहीत तारीख टाकून लिहिलं, ‘फरक नाही.’